क्रिस्तपुराणांतील यातनाप्रकरण

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाविषयीं मराठींत जें कांहीं लिहिलें गेलें आहे, तें बहुतांशीं त्या ग्रंथाच्या आरंभाविषयीं आहे. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आतां इतक्या वेळां उतरून घेतल्या गेल्या आहेत कीं, पुष्कळांच्या समजुतींत क्रिस्तपुराण म्हणजे तेवढ्या ओव्याच होत. ग्रंथाचा सर्व भार ज्या ठिकाणीं येऊन पडतो, तें प्रभूच्या यातनांचें व मरणाचें प्रकरण मात्र क्वचितच कोणी उघडतो. सबंध ग्रंथाच्या ओव्या १०,९६२. त्यांपैकीं पहिल्या पुराणाच्या छत्तीस अवस्वरूंत ४,१८१ आणि दुसऱ्या पुराणाच्या एकूणसाठ अवस्वरूंत ६,७८१. येवढ्या विस्ताराचें पुराण दहावीस ओव्यांवरून तोलणें हें, ज्ञानेश्वरी पसायदानावरून तोलण्यासारखें आहे.

या वर्षीं आम्हीं तें सबंध वाचावयाचें ठरविलें, आणि वाचनासाठीं काळहि ग्रंथाचाच निवडला. ख्रिस्ती लोक राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार सोडून, चाळीस दिवस उपवास व प्रायश्चित्त पाळतात, आणि त्या दिवसांत ख्रिस्ताच्या दुःखाचें चिंतन करितात. चाळीस दिवसांनीं भागिलें म्हणजे रोज पावणेतीनशें ओव्या होतात. आम्ही ख्रिस्ती नव्हे. परंतु जो ग्रंथ ऐकण्यासाठीं रचिला गेला, तो ज्या ऋतूंत ऐकिला जावा त्याच ऋतूंत, मोठ्यानें व क्रमानें वाचल्यावांचून त्यावर मत देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. पुढें आमच्या ध्यानांत आलें कीं, हा ऋतु आपल्या पंचांगासहि परका नाहीं. मार्चच्या २१ तारखेस किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढला रविवार तो ईस्टर. तेव्हां त्याआधींचा शुक्रवार बहुधा चैत्री पौर्णिमेच्या, व क्वचित् फाल्गुनी पौर्णिमेच्या, आगेमागें पडतो. ज्या चांदण्यांत येशू बागेंत प्रार्थना करीत होता, तें चांदणें आपल्याकडील होळीचें नाहीं तर हनुमानजयंतीचें.

सिंदी (रेल्वे) हें आमचें गांव नागपूर-वर्धा लोहमार्गावरचें. येथें तान्हा पोळा पाहण्यास दुरून लोक येतात. पुराण ऐकण्यास मात्र आमच्या ओसरीवर शेजारच्या एक वृद्ध आजी तेवढ्या येत. हरिपाठ त्यांस मुखोद्गत. ओवी कानीं पडली कीं त्या बसत. कोणाची आहे हें विचारीत नसत. शेवटच्या आठवड्यांत आम्ही त्या ठिकाणीं आलों, जेथें येशू शिष्यांसह भोजनास बसला आहे, आपणांस कोण धरून देणार हें त्यास ठाऊक आहे, आणि तरी तो उठून त्या बागेकडे जातो. आजींनीं वाचन थांबविलें व विचारिलें, "त्याले मालूम होतं, तं मंग गेला कायले तिथं?"

हा प्रश्न आम्ही येथें विनोदासाठीं नमूद करीत नाहीं. यातनाप्रकरणाची सर्व अडचण त्यांत आहे, आणि त्या प्रकरणाचें आमचें परीक्षणहि याच प्रश्नाभोवतीं फिरणार आहे.

स्टीफन्स इ. स. १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरले व १६१९ मध्यें वारले. मधलीं सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं मुख्यतः साष्टींत काढिलीं. त्यांच्यापुढें बसणारा श्रोता नुकताच ख्रिस्ती झालेला होता, परंतु त्याचे कान पुराणानें घडविलेले होते. ग्रंथारंभींच धर्मशिक्षण चालू असतां एक ब्राह्मण उठतो, आणि आमच्या भाषेंत पूर्वीं जशीं पुराणें होतीं तसें या धर्माचें एखादें पुराण आम्हांस कां नसावें, अशा आशयाची विनंती करितो. ती विनंती मान्य करून पाद्रीगुरु सांगूं लागतात. श्रोत्यानें मध्येंच शंका विचारावी व वक्त्यानें तिचें निरसन करावें, ही आपल्या पुराणांची चाल स्टीफन्स यांनीं उचलली. ओवीहि आपलीच: तीन चरणांस यमक, चौथा मोकळा. परंतु या चौकटीबरोबर एक वस्तु न मागतां येते, ती म्हणजे लीलेची कल्पना. अवताराचें सुख तें लीला, त्याचें दुःख तेंहि लीला. रडणारा राम आणि पळणारा कृष्ण यांविषयीं श्रोत्यास शंका येत नाहीं, कारण आंतून त्यांस कांहींच लागलेलें नाहीं हें तो धरून चालतो.

याचें उत्तम उदाहरण स्टीफन्स यांच्या अगदीं जवळच्या काळांतलें आहे. एकनाथांनीं भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका काशींत शके १४९५ मध्यें, म्हणजे इ. स. १५७३ त, पुरी केली. स्टीफन्स गोव्यास येण्यापूर्वीं सहाच वर्षें. त्या स्कंधाच्या तिसाव्या अध्यायांत कृष्णाचें निर्याण आहे. जरा नांवाचा व्याध पायास हरिणाचें तोंड समजून बाण मारतो, जवळ येऊन पाहतो तों चतुर्भुज पुरुष. तो पायांवर पडतो. कृष्ण त्यास म्हणतो कीं भिऊं नको, हें माझ्याच इच्छेनें झालें. आणि त्यास स्वर्गास धाडितो. मारणाऱ्यास क्षमा, व मरणाऱ्याच्या तोंडून सद्गतीचें वचन: या दोन्ही गोष्टी क्रूसावरच्या कथेंत आहेतच. तेथें ख्रिस्त मारणाऱ्यांसाठीं क्षमा मागतो आणि शेजारीं टांगलेल्या चोरास त्याच दिवशींच्या सद्गतीचें आश्वासन देतो. क्रिस्तपुराणांत स्वर्गास वैकुंठ हा शब्द सरसहा येतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे साष्टींतील श्रोत्याच्या मनांत या दोन कथा किती जवळ येऊन बसल्या असतील याची कल्पना येईल. परंतु एका गोष्टींत त्यांच्यामध्यें सागर आहे. भागवतांत बाण लागतो, पण वेदना नाहीं. ख्रिस्ती कथेंत वेदना नसेल तर कांहींच उरत नाहीं. येशूचें दुःख लीला ठरलें कीं त्याचें मरण व्यर्थ ठरलें. म्हणजे स्टीफन्स यांनीं जें भांडें उसनें घेतलें, तेंच त्यांच्या वस्तूला पातळ करणारें होतें.

यांतून त्यांनीं वाट कशी काढिली? आमच्या मतें त्यांनीं सिद्धांतानें नव्हे, तर गतीनें काढिली. पूर्वभागांत, विशेषतः चमत्कारांच्या कथांत, पुराण भरभर चालतें. राजे येतात, जातात. यातनाप्रकरणांत ओवीचा पाय जड होतो. भोजन, पाय धुणें, बागेंतील रक्ताचा घाम, यहूदाचें चुंबन, पेत्राचा नकार, पिलाताचा चौक, बरब्बाची सुटका, फटके, कांट्यांचा मुकुट: यांपैकीं एकहि पायरी वगळलेली नाहीं, आणि प्रत्येक पायरीवर श्रोत्यास थांबविलें आहे. आम्ही हें वाचीत असतां प्रथम कंटाळलों, हें कबूल केलें पाहिजे. तिसऱ्या दिवशीं कळलें कीं हा कथेचा वेग नसून ध्यानाचा वेग आहे.

या वेगाचें मूळ आपल्याकडे नाहीं. स्टीफन्स हे येशूसंघाचे. त्या संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांचें आध्यात्मिक साधनेचें लहानसें पुस्तक १५४८ मध्यें रोम येथें छापलें गेलें. त्या साधनेचे चार आठवडे कल्पिलेले असून तिसरा सर्वस्वी यातनांस दिलेला आहे. साधकानें प्रथम ती जागा डोळ्यांपुढें उभी करावी, रस्ता रुंद कीं अरुंद, भोजनाची खोली लहान कीं मोठी हें पाहावें. मग माणसें पाहावीं, त्यांचें बोलणें ऐकावें. आणि जो दुःखी आहे त्याच्याबरोबर दुःख व्हावें एवढेंच मागावें. हा क्रम ध्यानीं धरून यातनाप्रकरण वाचिलें म्हणजे जेथें आधुनिक वाचकास पाल्हाळ दिसतो तेथें बांधणी दिसूं लागते. मराठींत पुष्कळांनीं स्टीफन्स यांच्यावरील ज्ञानेश्वर-एकनाथांचें ऋण मोजलें आहे व तें योग्यच आहे. परंतु ऋण दोन पेढ्यांचें होतें. ओवी पैठणची, बैठक लोयोलाची. यातनाप्रकरणांत दुसरी पेढी वरचढ ठरते, आणि म्हणूनच तें प्रकरण मराठी पुराणवाङ्मयांत एकटें पडलेलें वाटतें.

अगदीं एकटें म्हणण्यापूर्वीं एक आठवण मात्र दिली पाहिजे, कारण ती आमच्या प्रांतांतली आहे. महानुभावांत परमेश्वराच्या लीळांचें स्मरण हा आचारधर्माचाच भाग आहे. कोणत्या गांवीं, कोणत्या ओट्यावर, कोणास काय म्हणाले, हें नेमकेपणें आठवावयाचें. लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट होऊन तें स्मरणावरून पुन्हा उभारावें लागलें, आणि तरी तें उभें राहिलें. स्थळ व शब्द यांस चिकटून राहणारें हें चिंतन लोयोलांच्या रीतीस जितकें जवळ आहे, तितकें पुराणांच्या रीतीस नाहीं. स्टीफन्स यांस महानुभाव ग्रंथ ठाऊक होते असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. तसा पुरावा नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, रिद्धपुराच्या मुलुखांतल्या वाचकास हें प्रकरण परकें वाटूं नये.

आतां दोषाकडे. वक्ता आपल्या श्रोत्यांवर पुरता विश्वास टाकीत नाहीं. दुःखाचें चित्र उभें राहिलें न राहिलें तोंच तो शिकवूं लागतो: हें तुमच्या पापांसाठीं, तें तुमच्या पापांसाठीं. धर्मशिक्षकास हें कर्तव्य वाटणें साहजिक आहे. पण ओवीच्या चौथ्या मोकळ्या चरणांत जो श्वास असतो तो यामुळें कोंडतो. एकनाथहि उपदेश करितात, किंबहुना अधिक करितात. परंतु त्यांचा उपदेश कथेच्या अंगांतून फुटतो, येथें तो बाहेरून येऊन उभा राहतो. जेथें स्टीफन्स गप्प राहतात, तेथें ते मोठे कवी आहेत. दुर्दैवानें ते गप्प फार वेळ राहत नाहींत.

संग्राहकांच्या दृष्टीनें या प्रकरणाचें महत्त्व निराळेंच आहे. ग्रंथ प्रथम १६१६ मध्यें राचोल येथें छापला गेला, पुढें १६४९ व १६५४ मध्यें. आणि या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. अक्षर रोमी होतें. आपल्या अक्षरांत छापावें अशी स्टीफन्स यांची इच्छा असावी असें त्यांच्या १६०८ च्या पत्रावरून दिसतें; त्यांत त्यांनीं संघाच्या रोमस्थ श्रेष्ठांकडे देशी ठशांचा विषय काढिला आहे, आणि अक्षरें जोडाक्षरांसह सहाशेंच्या घरांत जातात ही अडचणहि सांगितली आहे. तें घडलें नाहीं. पुढें १६८४ मध्यें गोव्याच्या व्हाइसरॉयानें देशी भाषेचा व्यवहार बंद करून पोर्तुगीज लादण्याचा हुकूम काढला, आणि मग हें पुराण राहिलें तें हातांनीं उतरलेल्या प्रतींत. जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ त मंगळूर येथें जी आवृत्ति काढिली, तिचा आधार कानडा जिल्ह्यांतील ख्रिस्ती घरांतून जपलेल्या अशाच प्रती होत. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ त पुण्यास तिचें देवनागरींत लिप्यंतर केलें. आमच्या हातीं होतें तें हेंच. त्यानंतर कॅरिदाद द्रागो यांची १९९६ ची व नेल्सन फाल्काओ यांची २००९ ची आवृत्ति झाली. म्हणजे पुस्तक दुर्मिळ आहे ही तक्रार आतां खरी नाहीं. चिकित्सक आवृत्तीची तक्रार मात्र खरी आहे.

विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांत, लंडनच्या प्राच्यविद्यालयांत, या पुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत आहे. ती जस्टिन अ‍ॅबट यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत उजेडांत आणिली. रोमी प्रतींत जेथें देवळाचे, संस्कारांचे, पवित्र आत्म्याचे पोर्तुगीज वा लॅटिन शब्द आहेत, तेथें या प्रतींत संस्कृत वळणाचे शब्द आहेत. मूळ कोणतें? अ‍ॅबट यांनीं देवनागरीस मूळ मानिलें. रोमी पाठांतील पारिभाषिक शब्द काढून मागाहून कोणीतरी संस्कृत शब्द बसविले असतील, असाहि पक्ष मांडतां येतो. हा वाद आजवर परिभाषेवरच लढला गेला आहे, व म्हणून तो सुटत नाहीं. कारण परिभाषा ही नेमकी बदलण्याजोगी वस्तु आहे. आमची सूचना अशी कीं, हा निर्णय यातनाप्रकरणावर करावा. त्यांत संस्कारांचीं व धर्मसभेचीं नांवें थोडीं. हात, पाय, पाठ, रक्त, कांटा, दोर, खिळा असले शब्द फार. त्यांस पोर्तुगीजहि लागत नाहीं आणि संस्कृतहि लागत नाहीं. जेथें बदलण्याचें कारणच नव्हतें, तेथें दोन प्रती कशा वेगळ्या होतात हें पाहिलें म्हणजे कोणती प्रत कोणीकडून निघाली तें दिसूं लागेल.

याच प्रकरणांत प्रक्षेपाचा प्रश्नहि आहे. गोव्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत असलेल्या हस्तलिखितांत यातनांच्या ठिकाणीं मूळांत नसलेल्या ओव्यांची मोठी भर आहे. तिचा कर्ता म्हणून बाटी गांवच्या पास्कोआल गोमिश दे फारिया यांचें नांव सांगितलें जातें. संपादकानें त्या ओव्या वेगळ्या काढाव्या, यांत शंका नाहीं. पण त्या वेगळ्या काढून टाकून देऊं नयेत. प्रक्षेप कोठें होतो? जेथें ग्रंथ वापरांत असतो तेथें. आणि वापराच्या मधल्या जागीं नव्हे, तर जेथें ऐकणाऱ्यांचा पाय निघत नाहीं तेथें. नव्वद अवस्वरूंहून अधिक विस्तारांत त्या भरीसाठीं हेंच स्थळ निवडलें गेलें, हा पुराणाच्या श्रवणाचा लेखी पुरावा आहे. हुकुमांचीं कलमें आपणांस पाठ असतात. त्या हुकुमांखालीं लोकांनीं काय ऐकिलें, याचा असा पुरावा मिळणें कठीण.

केवळ यातनांसाठींच रचिलेलें एक पुराणहि आहे. फ्रान्सिश्कु वाश दे गिमारांइश यांचें. तें १६५९ मध्यें लिस्बन येथें छापलें गेलें, मुंबईस एकोणिसाव्या शतकांत पुन्हा निघालें, आणि उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती लोक तें उपवासाच्या दिवसांत गात. त्याची भाषा मुंबई-वसईकडील बोलीची. साष्टींतील पंडिती ओवीचें सौष्ठव तेथें शोधूं नये. परंतु स्टीफन्स यांचें पुराण वर्षभराचें आहे व हें चाळीस दिवसांचें. आणि जें पुस्तक एका ऋतूसाठींच असतें तें त्या ऋतूंत हातांत झिजून जातें. मुंबईच्या छापाच्या प्रती देखील आज सहज दिसत नाहींत. बाडांच्या शोधांत वसईकडे जाणाऱ्यांनीं रोमी अक्षर पाहून चोपडी पोर्तुगीज समजून बाजूस ठेवूं नये.

आधुनिक काळांत या विषयास मराठी काव्यांत पुन्हा हात घातला तो टिळक दांपत्यानें. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे बाप्तिस्म्यापूर्वीं, म्हणजे १८९५ पूर्वीं, नागपुरास होते. तेव्हां आमच्या भागाचा त्यांच्यावर थोडा हक्क पोंचतो. ख्रिस्तायनाचे अकरा अध्याय रचून ते १९१९ त वारले. पुढले चौसष्ट लक्ष्मीबाईंनीं लिहिले व ग्रंथ १९३८ त निघाला. जन्मापासून आरंभ झालेल्या त्या चरित्रांत यातना शेवटाकडे येणार हें उघड आहे. म्हणजे मराठींतील दुसरें मोठें यातनाप्रकरण टिळकांचें नसून लक्ष्मीबाईंचें आहे. टिळकांच्या नांवानें त्याचें परीक्षण करणें हा अन्याय आहे आणि तो वारंवार होतो. फुलांमुलांच्या कवीस त्या क्रूसापाशीं काय दिसलें असतें हें आपणांस कधींच कळणार नाहीं. जिनें तें प्रत्यक्ष लिहिलें, तिला चांगलें शालेय शिक्षणहि मिळालें नव्हतें. स्टीफन्स व लक्ष्मीबाई यांची तुलना स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथें एवढेंच सांगतों कीं, ज्या लीलेच्या कल्पनेशीं स्टीफन्स यांस झगडावें लागलें, तिची बाईंस भीति नव्हती. त्यांनीं ती कल्पना माहेरींच ऐकिली होती आणि ती सोडतांना काय जातें हेंहि त्यांनीं भोगलें होतें.

सिंदीहून वर्ध्याकडे निघालें म्हणजे याच लोहमार्गावर सेवाग्राम लागतें. तेथें १९४२ च्या जून महिन्यांत लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर राहिला होता. गांधीजींच्या झोपडीच्या मातीच्या भिंतीवर त्यास एकच चित्र दिसलें, तें ख्रिस्ताचें. तत्पूर्वीं १९३१ च्या डिसेंबरांत रोम येथें क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ति पाहून गांधीजींस अश्रु आवरले नव्हते, हेंहि प्रसिद्ध आहे. वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योगांचें काम करणारे जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती होते, आणि येशूच्या आचारविचारांवरील त्यांचें पुस्तक कारावासांत लिहिलें गेलें. ही माणसें मठांतलीं नव्हत. "मालूम होतं तं गेला कायले" या प्रश्नाचें उत्तर या जिल्ह्यानें पुराणाबाहेर, तुरुंगांच्या वाटेनें देऊन पाहिलें. परंतु तो इतिहास निराळा, त्याचे कागदहि निराळे, आणि हें त्रैमासिक जुन्या पोथ्यांचें आहे.

आजींच्या प्रश्नास आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. पुढच्या ओव्या वाचल्या. स्टीफन्स उत्तर देतात, पण तें शिक्षकाचें उत्तर आहे, व तें ऐकून आजींचें समाधान झालें नाहीं. बागेंतील प्रसंग आला, ज्यांत तो एकटा पडून हा प्याला टळो म्हणून विनवितो आणि शिष्य निजलेले आहेत, तेव्हां मात्र त्या हलल्या नाहींत. "मंग त्यालेबी भेव वाटे," एवढेंच म्हणाल्या. ज्या दुःखास लीला होऊं द्यावयाचें नाहीं म्हणून साष्टींतील त्या पाद्र्यानें ओवीचा पाय जड केला, तें चारशें वर्षांनीं, सहाशें मैल दूर, एका हरिपाठ म्हणणारीपर्यंत पोंचलें. प्रकरण साधलें कीं फसलें याचा याहून चांगला निवाडा आम्हांस करतां येत नाहीं.

बागेच्या प्रसंगाचा सालढाणा व बंडेलू यांच्या छापांतील ओवीवार पाठभेद आम्ही उतरून घेत आहों. मार्सडेन प्रतीचीं त्या स्थळचीं पानें ताडून पाहिल्यावर तो तक्ता मंडळाच्या सभासदांपुढें ठेवूं. कोणा संग्राहकाकडे यातनाप्रकरणाचें एखादें सुटें रोमी बाड असल्यास त्यांनीं त्याचें पहिलें व शेवटचें पान, आणि समासांतील नोंदी असतील तर त्या, जशाच्या तशा उतरून पाठवाव्या. समास कापूं नयेत. आमच्या माहितींत एका बांधणाऱ्यानें ते कापिले आहेत.